'द ऑफुल ट्रुथ' पहिल्यांदा बघणार असाल तर

कोलंबिया पिक्चर्सचा १९३७ सालचा 'द ऑफुल ट्रुथ' जेमतेम दीड तासाचा आहे. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी, नवरा-बायको कॅरी ग्रांट आणि आयरीन डन, मधे येणारा तिसरा राल्फ बेलामी. जेरी आणि लूसी वॉरिनर एकमेकांवर संशय घेऊन घटस्फोट मागतात. न्यायाधीश तो देतात, पण पक्का व्हायला नव्वद दिवस लागणार असतात, आणि तेवढ्या काळात दोघंही एकमेकांची होऊ घातलेली लग्नं मोडायचा चंग बांधतात. शेवटी काय होणार हे पहिल्या पाव तासात कोणालाही कळतं. त्यामुळे इथे प्रसंग उघड करून सांगितले आहेत, त्याने मजा कमी होत नाही.

जुने हॉलिवूड सिनेमे नव्याने बघणारे पुष्कळ जण हा अर्ध्यावर सोडतात. तक्रार ठरलेली असते: नुसती बडबड आहे, हसायचं कुठे ते कळत नाही. दोष बहुतेक वेळा बघण्याच्या सवयीचा असतो. आपण बोलणाऱ्याकडे बघतो. या सिनेमातलं हसू ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं, नाहीतर दारामागे, टोपीत, कुत्र्याच्या तोंडात. ही एक सवय मोडली की निम्मं काम झालं.

पायरी १: प्रत तपासून घ्या

सिनेमाची लांबी साधारण ९१ मिनिटं आहे. हातात आलेली प्रत ८७ मिनिटांची असेल तर ती कापलेली आहे असं लगेच समजू नका. युरोपात निघालेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, म्हणून सिनेमा चार टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा येतो. चालून जातं, पण डनचं गाणं त्यात थोडं चिरकतं. लांबी त्याहूनही कमी असेल तर मात्र ती प्रत सोडून द्या.

सगळ्यात चांगली प्रत म्हणजे क्रायटेरियन या निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये काढलेली 4के पुनर्संचयित आवृत्ती. मागवण्याआधी एक बघा: अमेरिकेतली ब्लू-रे 'ए' विभागाची आहे, भारत 'सी' विभागात येतो, त्यामुळे इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. मल्टिरीजन प्लेअर लागतो. परदेशातल्या नातेवाइकाकडून डिस्क मागवताना हे हमखास विसरलं जातं.

मग टीव्हीची सेटिंग. त्या काळच्या चौकटीचं प्रमाण १.३७ ला १. आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. त्या खटकतात म्हणून कोणी 'झूम' दाबलं की चित्राचा वरखालचा मिळून जवळजवळ पाव भाग उडतो. इथे ते फार महागात पडतं, कारण कुत्रा चौकटीच्या तळाशी वावरतो आणि टोप्या डोक्यावर असतात. ताणून रुंद केलं तर सगळे बुटके दिसतात. पिक्चर सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा ४:३ निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही 'मोशन' नावाचं असेल ते बंद करा.

इंग्रजी सबटायटल पहिल्या वेळी चालू ठेवा. माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, आवाज मोनो आहे, आणि बेलामीच्या पात्राचा ओक्लाहोमाचा उच्चार सवयीचा नसतो. दुसऱ्या वेळी ते बंदच करा. डोळे अक्षरांवर गेले की वरचं सगळं हातचं जातं.

पायरी २: तीन गोष्टी माहीत करून घ्या, जास्त नकोत

पहिली गोष्ट कायद्याची. सिनेमा न्यूयॉर्कमध्ये घडतो, आणि तिथे १९६६ सालच्या सुधारणेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चाले. लूसी गायन-शिक्षकाबरोबर रात्रभर बाहेर होती की गाडी खरंच बंद पडली, हा प्रश्न त्यामुळे नुसता रुसव्याफुगव्याचा राहत नाही. नव्वद दिवसांची मुदतही तिथल्या कायद्यातलीच: आधी कच्चा निकाल, मग पक्का. आपल्याकडे परस्परसंमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली सहा महिने थांबावं लागतं, क्वचित न्यायालय ती अट माफ करतं. धड लग्न नाही, धड सुटका नाही ही त्रिशंकू अवस्था मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. सिनेमा उभा आहे तो तिच्यावरच.

दुसरी गोष्ट सेन्सॉरची. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. व्यभिचाराची भलामण चालत नसे, अंथरुणातलं काही दाखवता येत नसे. कागदोपत्री घटस्फोटित पण मनाने नवरा-बायकोच असलेलं जोडपं ही त्यातून काढलेली नामी पळवाट होती. त्यांनी रात्री एका छपराखाली असणं वाह्यातही वाटतं आणि सोवळंही.

तिसरी मॅकॅरीची. तो हॅल रोचच्या स्टुडिओत मूक विनोदी पटांवर तयार झाला, लॉरेल आणि हार्डी यांच्याबरोबर काम केलं. १९२२ सालच्या आर्थर रिचमनच्या नाटकावरून हा सिनेमा घेतला असला आणि पटकथेवर व्हिन्या डेलमारचं नाव असलं, तरी सेटवर बरंच काही त्याच दिवशी ठरे. मॅकॅरी पियानोपाशी बसून विचार करी आणि नटांना आयत्या वेळी ओळी देई. ग्रांट या पद्धतीने इतका हवालदिल झाला की त्याने स्टुडिओप्रमुख हॅरी कोनकडे सिनेमातून सुटका मागितली. सुटका मिळाली नाही, हे त्याचं नशीब. नंतरच्या तीस वर्षांत त्याने जो विनोदी नायक रंगवला तो इथे घडला.

ऑस्कर, परीक्षणं, थोरवी हे सगळं नंतर वाचा. आधी वाचलं की माणूस पहिल्या दृश्यापासून 'अभिजात' काहीतरी शोधत बसतो आणि समोर माणूस सनलॅम्पखाली, म्हणजे अंग रापवणाऱ्या दिव्याखाली, झोपलेला दिसतो.

पायरी ३: एका बैठकीत, सुरुवात न चुकवता

पहिली दहा-बारा मिनिटं चुकली तर सिनेमा हातातून गेला. जेरी क्लबमध्ये सनलॅम्प घेतोय, कारण बायकोला त्याने फ्लोरिडाला जातो असं सांगितलंय आणि अंग उन्हात रापलेलं दिसायला हवं. मित्रांना घेऊन तो घरी येतो, तर घरात लूसीच नाही. मग ती उगवते, रात्रीच्या पार्टीच्या पोशाखात, बरोबर आर्मां डुव्हाल हा गायन-शिक्षक. गाडी बंद पडली, खानावळवजा हॉटेलात रात्र काढावी लागली. जेरी विश्वासावर प्रवचन देतो. लूसी त्याने आणलेल्या टोपलीतलं एक संत्रं काढते, त्यावर शिक्का असतो कॅलिफोर्नियाचा.

इथे नवख्याने लक्षात ठेवायचं ते एवढंच: दोघांनी एकमेकांना खरोखर फसवलं होतं का हे सिनेमा कधीच सांगत नाही. जेरी त्या दिवसांत कुठे होता, याचं उत्तर शेवटपर्यंत येत नाही. रहस्यपटाची सवय असलेला प्रेक्षक पुरावे जमवत राहतो आणि शेवटी फसवल्यासारखा उठतो. मॅकॅरीला त्या उत्तरात रसच नव्हता. संशय आला की माणसं कशी वागतात, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

मग वकिलाला फोन. लग्न ही किती सुंदर गोष्ट आहे असं तो लूसीला समजावतो आणि त्याच दमात जेवायला हाक मारणाऱ्या स्वतःच्या बायकोवर खेकसतो. कोर्टात भांडण पैशावर नाही, मिस्टर स्मिथ या कुत्र्यावर. न्यायाधीश निवड कुत्र्यावरच सोपवतात आणि लूसी हळूच त्याचं खेळणं त्याला दाखवून निकाल फिरवते. जेरीला भेटीचा हक्क मिळतो, म्हणजे तिच्या घरात येण्याचं कायदेशीर निमित्त. कथानकाच्या दृष्टीने कुत्रा एवढ्यासाठीच आहे, आणि हे काम त्याच्याइतकं चोख कोणी माणसाने केलं नसतं. तो स्किपी, वायर फॉक्स टेरियर, 'द थिन मॅन' या सिनेमातला आस्टा हा कुत्रा तोच.

मध्यंतर घेऊ नका. प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातली एखादी वस्तू किंवा गाणं उचलून पुन्हा वापरतो, आणि मधे चहा-बिस्किटं झाली की तो धागा तुटतो.

पायरी ४: दुसऱ्यांदा बघताना नजर कुठे ठेवायची

पहिल्यांदा गोष्ट बघितली जाते, सिनेमा दुसऱ्यांदा. आठवड्याभरात पुन्हा बघा आणि या चार जागांवर थांबा.

पेन्सिलीची जागा. ओक्लाहोमाचा, खनिज तेलाच्या धंद्यातला डॅन लीसन (बेलामी) लूसीला स्वतः केलेली कविता वाचून दाखवतोय. दार अर्धवट उघडं, दारामागे जेरी. लूसी दारात अशी उभी की डॅनला ती दिसते, जेरी नाही. जेरी पेन्सिलीने तिला गुदगुल्या करतो. आता डॅनच्या कवितेकडे कान द्या आणि डोळे डनच्या चेहऱ्यावरून हलवू नका: हसू दाबायचं, कवितेचं कौतुक दाखवायचं आणि पेन्सिलीला चुकवायचं, तिन्ही एकाच वेळी. डॅनला वाटतं आपली कविता तिला भिडली. एका चौकटीत तीन माणसं आणि तिघांची तीन वेगवेगळी दृश्यं. मॅकॅरी इथे कॅमेरा जवळ नेऊन काही ठसवत नाही, तिघांना एकत्र दिसू देतो.

टोप्यांची जागा. जेरी येतो म्हणून आर्मां आतल्या खोलीत लपतो, पण त्याची बोलर हॅट बाहेर राहते. मिस्टर स्मिथला वाटतं लपवाछपवीचा खेळ चाललाय. लूसी हॅट लपवते, तो शोधून आणतो. पुन्हा लपवते, पुन्हा आणतो. मग जेरी निघताना चुकून आर्मांची हॅट घालतो, ती कानांपर्यंत खाली येते आणि तो आरशात बघत राहतो. डोकं लहान झालं की काय, हा प्रश्न ग्रांट तोंडाने विचारत नाही. पुढे डॅन आईला घेऊन हजर होतो, जेरीलाही त्याच खोलीत दडावं लागतं, आणि आत आधीच एक जण आहे. दारं, लपणं, चुकीच्या वेळी येणारी माणसं: मराठी फार्स ज्यांनी नाट्यगृहात बघितलाय त्यांना यंत्रणा ओळखीची वाटेल. फरक वेगाचा आहे. फार्स धावतो, मॅकॅरी वाट बघायला लावतो. हॅट कधी सापडणार हे आपल्याला आधी कळतं, लूसीला थोडं नंतर, जेरीला सगळ्यांत शेवटी. हा क्रम बदलला असता तर प्रसंग पडला असता.

मैफलीची जागा. लूसी आर्मांच्या घरी आहे कळताच जेरी मारामारी करत आत घुसतो, आणि आत भरल्या सभेत तिचं गाणं चाललेलं असतं. तो ओशाळून मागच्या खुर्चीत बसतो, खुर्ची मागे रेलतो आणि सगळ्या पसाऱ्यासकट कोसळतो. पडणं बघून सगळे हसतात. आपण डनकडे बघायचं. गाणं थांबत नाही, शेवटच्या सुरात हलकं हसू मिसळतं आणि तेही सुरातच. डन खरोखर शिकलेली गायिका होती, म्हणून हे जमलं. तिचं जेरीवर अजून प्रेम आहे हे सिनेमा याच हसण्यातून सांगतो, संवादातून नाही.

व्हान्स कुटुंबाच्या घरची जागा. जेरी आता श्रीमंत बार्बरा व्हान्सशी लग्न करणार. लूसी त्याची बहीण 'लोला' बनून तिथे पोचते, गावंढळ, प्यायलेली. वडील प्रिन्स्टनला होते अशी बढाई जेरीने मारलेली असते, ती सांगते की होते खरे, तिथली बाग सांभाळायला. पर्स हरवल्याचा कांगावा करून ती पाहुण्यांना खोली सोडू नका म्हणते. मग नाइटक्लबातल्या डिक्सी बेल ली या बाईचं गाणं करून दाखवते. मूळ गाण्यात वाऱ्याच्या झोताने घागरा उडायचा, तिथे ती सांगते की इथे वारा येतो, तो कल्पनेने बघा. नाइटक्लबचा प्रसंग आधी नीट बघितलेला नसेल तर हे सगळं वाया जातं. आणि इथे जेरीचा चेहरा सोडू नका: आधी धास्ती, मग कौतुक, ते लपवायची धडपड. नातं कुठल्या क्षणी पुन्हा जुळलं असं विचाराल तर आमचं उत्तर हा क्षण, पुढचं केबिन नव्हे.

काय चुकतं

सगळ्यात मोठी चूक डॅनच्या बाबतीत होते. तो मूर्ख, आईच्या पदराला धरलेला, म्हणून त्याला हसून मोकळं व्हायचं. नीट बघा, तो या गोष्टीतला एकमेव सरळ माणूस आहे. तो खोटं बोलत नाही, लूसीला खरंच मागणी घालतो, आणि त्याच्यावर अन्याय होतो. बेलामी त्याला विदूषक करत नाही, म्हणूनच हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. लूसीच्या पियानोवर तो 'होम ऑन द रेंज' बेसूर गातो. बेलामीला गाता येत नव्हतं, डनला पियानो धड येत नव्हता, मॅकॅरीने दोघांना तसंच बसवून ते चित्रित केलं आणि ठेवलं. या भूमिकेसाठी बेलामीला ऑस्कर नामांकन मिळालं, ग्रांटला मिळालं नाही.

दुसरी चूक म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांना 'संथ' म्हणून शिक्का मारणं. लूसीच्या आंट पॅट्सीचं खेड्यातलं केबिन, शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधल्या दाराची कडी लागत नाही, आणि मध्यरात्री घटस्फोट पक्का होणार. गंमत बघायची तर घड्याळावर लक्ष ठेवा. त्यात एक बाई आणि एक बाप्या अशा दोन बाहुल्या आहेत, दर पाव तासाने आपापल्या दारातून बाहेर येऊन परत आपापल्या दारात जाणाऱ्या. दाखवता न येणारं सगळं मॅकॅरीने त्या बाहुल्यांवर सोपवलंय. वारा, दार आणि दार अडवून बसलेलं मांजर यांच्याकडे हॅटइतक्याच बारकाईने बघितलं तर वेग कमी वाटत नाही. इथले संवाद मुद्दाम गोल गोल फिरतात, त्यांचा अर्थ लावत बसू नका.

बार्बराचा भाग मात्र खरोखर पातळ आहे, ते मान्य करू. वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून प्रेमप्रकरण उरकलंय आणि ती बाई माणूस म्हणून उभीच राहत नाही. डॅनला जेवढी जागा मिळाली त्याच्या निम्मीही तिला नाही. आर्मांच्या जपानी नोकराचं चित्रणही त्या काळच्या साच्यातलं आहे, आज ते डोळ्यांत खुपतं. दाखवणाऱ्याने हे आधीच सांगून टाकलं तर नंतरची चर्चा तिथेच अडकून पडत नाही.

चारचौघांत दाखवायचा असेल तर

हा सिनेमा एकट्याने बघण्यापेक्षा वीस-तीस जणांत जास्त खुलतो. प्रस्तावना पाच मिनिटांच्या वर नको, त्यात कायदा आणि सेन्सॉर एवढंच सांगा, कथा सांगू नका. आवाज घरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवा, कारण लोक हसले की पुढची ओळ बुडते, आणि मोनो आवाज एकाच बाजूने येत असेल तर मागच्या रांगेला काहीच कळत नाही. पडद्याचा खालचा भाग शेवटच्या खुर्चीवरून पूर्ण दिसतो का, ते बसून तपासा. पुढच्याच्या डोक्याआड कुत्रा गेला की टोप्यांचा प्रसंग संपला. नंतरच्या गप्पांना पाव तास पुरतो. 'खरं कोण बोलत होतं?' हा प्रश्न टाका, सभागृहाचे दोन तट पडतात.

यानंतर काय बघावं

लगेच 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) घ्या. तिथेही घटस्फोटित जोडपं, तिथेही ग्रांट, आणि मधे आलेला तिसरा पुन्हा बेलामीच. त्यात ग्रांट बेलामीच्या पात्राचं वर्णन करताना सांगतो की तो त्या राल्फ बेलामी नावाच्या नटासारखा दिसतो. हा विनोद आधीचा सिनेमा बघितला असेल तरच लागतो. वेग मात्र दुप्पट आहे, तेव्हा सबटायटल हवेतच. मग 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०), ग्रांट पुन्हा माजी नवरा, समोर कॅथरीन हेपबर्न. याच दोघांचा 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) कुत्र्यासाठी तरी बघा, त्यात स्किपी आहे, आणि हेपबर्न ग्रांटला 'जेरी द निपर' म्हणते. लूसीने 'लोला' बनून त्याला ठेवलेलं नाव तेच.

डन आणि ग्रांट पुन्हा एकत्र हवे असतील तर 'माय फेव्हरिट वाइफ' (१९४०) आहे, पण तो दुय्यम. १९५३ सालचा 'लेट्स डू इट अगेन' हा याच गोष्टीचा गाण्यांसकट केलेला रंगीत अवतार, तो शेवटी ठेवला तरी चालेल. मॅकॅरीचाच 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) मात्र चुकवू नका. त्यात म्हाताऱ्या जोडप्याला मुलं वेगवेगळं करतात. 'द ऑफुल ट्रुथ'साठी उत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर घेताना मॅकॅरीने बक्षीस चुकीच्या सिनेमाला दिलंत असं सांगितलं, ते या दुसऱ्या सिनेमामुळे. दोन्ही एकाच दिवशी लावू नका, आणि लावायचेच झाले तर विनोदी आधी.